गोवा ते लिस्बन : अंतर किती, वेळ किती?

वाळवंटीकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीचा. थोरला भाऊ तीन वर्षांपासून लिस्बनला आहे. वहिनीचं बाळंतपण सप्टेंबरात, म्हणून आई-बाबा तिकडे जाणार. बाबा ६९, आई ६४. दोघं आजवर विमानात एकदाच बसलेत, दाबोळी ते मुंबई, तेसुद्धा लग्नाच्या घाईत. सगळी जमवाजमव माझ्या गळ्यात पडली आहे.

परवा जेवताना बाबांनी विचारलं, "कितलें पयस रे तें?" मी मोबाईलवर अंतर मोजणारं एक संकेतस्थळ उघडलं. उत्तर आलं, १,६१५ किलोमीटर, अडीच तास. बाबा खूश. "म्हणजे दिल्लीइतकंच की!" मला ते पचेना. दुसऱ्या ठिकाणी पाहिलं तर ८,३४० किमी आणि ९ तास ५० मिनिटं. मग तिकिटं पाहायला गेलो तर १६ तासांपासून ३१ तासांपर्यंत काहीही. या तिन्हींतलं खरं कोणतं? आणि बाबांना मी काय सांगू?

आबोलीची_वेणी
३१ तासांचं तिकीट चुकूनही घेऊ नकोस रे बाबा. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

तारवटी
१,६१५ चं कोडं मी सोडवतो. तुम्ही शोधात 'जीओए' अशी तीन अक्षरं टाकलीत ना? तो कोड गोव्याचा नाहीच, इटलीतल्या जेनोव्हाचा आहे. दाबोळीचा 'जीओआय' आणि मोपाच्या नव्या विमानतळाचा 'जीओएक्स'. तुम्ही मोजलंत ते जेनोव्हा ते लिस्बन.

वर गंमत अशी की जेनोव्हा हे कोलंबसचं गाव, विमानतळही त्याच्याच नावाचा. माणूस हिंदुस्थान शोधायला निघाला, पोचला भलतीकडेच, आणि पाचशे वर्षांनी त्याच्या गावाने आपली तीन अक्षरं पळवली.

वाळवंटीकाठ
अगदी तेच झालंय! आता उघडून पाहिलं, वर बारीक अक्षरांत इटली लिहिलंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तरी म्हटलं, इतक्या जवळ असतं तर पोर्तुगीज साडेचारशे वर्षं इथे कशाला बसले असते, रोज येऊन-जाऊन केलं असतं."

काणकोणकार
😂 बाबांना नमस्कार सांगा.

भूगोलमास्तर
अंतराचा प्रश्न आधी निकालात काढू. ८,३४० बरोबर आहे. पण संकेतस्थळावर विसंबायचं कारण नाही, घरी मोजता येतं.

माझ्याकडे शाळेने मोडीत काढलेला एक पृथ्वीगोल आहे. ३० सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर अजून सोव्हिएत संघ नांदतोय आणि अंटार्क्टिकाच्या जागी भोक आहे. तुमचा धागा वाचला आणि नातवाला हाक मारली. त्याने गोव्यावर शिवणाच्या दोऱ्याचं टोक धरलं, मी दुसरं टोक लिस्बनवर ताणलं. ढिला सोडायचा नाही, दोऱ्याला स्वतःहून जवळची वाट सापडू द्यायची. मग तोच दोरा फूटपट्टीवर. १९ सेंटिमीटर ६ मिलिमीटर. गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटरच्या थोडा वर, पृथ्वीचा साधारण ४०,००० किमी. म्हणजे एका सेंटिमीटरला ४२५ किमी. गुणाकार केला, ८,३३०. वरच्या दहा किलोमीटरचा दोष माझ्या चष्म्याचा.

आकड्यापेक्षा दोरा कुठून जातो ते पाहण्यासारखं आहे. गोव्यातून निघून अरबी समुद्रावरून मस्कतच्या उत्तरेला ओमानचं आखात, तिथून नेमका होर्मुझच्या सामुद्रधुनीवर. मग इराणचं आखात, इराकमधलं नजफ, सीरियाचं वाळवंट, सायप्रसला चाटून ग्रीस, सार्डिनियाचं दक्षिण टोक, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया, आणि तिथून किंचित खाली उतरून लिस्बन.

आता भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हीच दोन गावं जोडा. रेघ थेट अरबस्तान, इजिप्तमधलं नाईलचं खोरं, लिबिया, अल्जीरिया अशी जाते. तीस वर्षं मुलांना हे सांगत आलो. मुलं मान डोलवायची आणि परीक्षेत पट्टीवालीच रेघ काढायची.

तारवटी
मास्तर, आमच्या जहाजाच्या धंद्यात हा पहिला धडा. नकाशावरच्या सरळ रेघेवर होकायंत्राची दिशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच राहते, म्हणून जुने नाखवे तिलाच धरून चालायचे. पण ती लांब पडते. गोवा-लिस्बनचा हिशेब आत्ता केबिनमध्ये बसून केला, पट्टीच्या रेघेने साधारण ८,५३० किमी भरतात. दोऱ्यापेक्षा १९० जास्त.

अर्थात जहाजाला सायप्रसवरून उडता येत नाही, हा भाग वेगळा.

काणकोणकार
सगळे हवेतलं अंतर मोजतायत. जमिनीवरचं कोण मोजणार? माझ्या घरून मोपा गाठायचं म्हणजे गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. अडीच तास धरून निघतो, म्हापशात अडकलो तर तीन. तेवढ्या वेळात तुमचं विमान मस्कतच्या जवळ पोचलेलं असतं. साखळीवाल्यांनी नशीब काढलंय.

वाळवंटीकाठ
हो, आम्हाला सव्वा तास पुरतो. पण बाबा 'दाबोळीहूनच जाऊ, ते आपलं आहे' म्हणून अडून बसलेत.

काणकोणकार
बाबांना माझा पूर्ण पाठिंबा.

आबोलीची_वेणी
आले. माझी लेक पाच वर्षं लिस्बनला आहे, मी तीनदा जाऊन आले, त्यातली एक वारी साफ फसलेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. म्हणून ते '९ तास ५० मिनिटं' विसर. ती संकेतस्थळं अंतराला ठरीव वेगाने भागतात आणि चढ-उताराची अर्धा-पाऊण तासाची भर घालतात, एवढंच. असं विमान कुठल्या फलाटावर लागतच नाही! मुंबई-लंडन ७,२०० किमी आहे आणि त्यालाच साडेनऊ-दहा तास लागतात, तेव्हा लिस्बनला थेट विमान असतं तरी अकरा तास धरावे लागले असते.

माझं मागच्या वेळचं तिकीट असं होतं. मोपाहून रात्री १ ला निघालो, दुबईला तिथल्या घड्याळात पहाटे २.४५. दुबईहून सकाळी ७.३० ला निघालो, लिस्बनला दुपारी १२.३०. वरवर पाहिलं तर रात्री १ ते दुपारी १२.३०, साडेअकरा तास वाटतात. लेकीच्या सासूबाईंनी तसंच मोजलं आणि फोनवर म्हणाल्या, "अगदीच जवळ की!" पण लिस्बनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. त्यांचे १२.३० म्हणजे आपले संध्याकाळचे ५. म्हणजे घरच्या घड्याळाने १६ तास. त्यात हवेत सव्वातीन अधिक आठ, बाकीचे पावणेपाच दुबईच्या खुर्चीत.

थंडीत गेलीस तर फरक साडेपाच तासांचा. ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. सप्टेंबरात जाणार, म्हणजे तुम्हाला साडेचारच.

वाळवंटीकाठ
देव बरें करूं, ताई. (आणि मी मुलगा आहे 🙂) एक शंका. दुबईला उतरून जायचं म्हणजे वळसा किती पडतो? बाबांचं म्हणणं, मुंबईवरूनच गेलं तर सरळ पडेल.

आबोलीची_वेणी
अगो बाई, चुकलंच की! वळशाचं मास्तर सांगतील.

भूगोलमास्तर
दोऱ्याची वाट आठवा, होर्मुझवरून जाते. दुबई तिथून हाताच्या अंतरावर. गोवा-दुबई २,२१० किमी, दुबई-लिस्बन ६,१४०. बेरीज ८,३५०. वळसा उणापुरा दहा किलोमीटरचा. साखळीहून डिचोलीला जाऊन याल तेवढाच.

मुंबईवरून गेलात तर ८,४४० च्या आसपास, तेही वाईट नाही. दिल्लीवरून गेलात तर आधी दीड हजार किमी उत्तरेला आणि मग पश्चिमेला, एकूण ९,२७०. लंडनवरून ९,१५०, कारण लिस्बन ओलांडून वर जायचं आणि पुन्हा दीड हजार किमी खाली यायचं. वडिलांना म्हणावं, आखात ही वाटेतलीच टपरी आहे.

सिंधुदुर्गी
आम्ही बांद्याचे. मोपा झाल्यापासून आमचाही विमानतळ तोच, त्यामुळे या धाग्यात घुसण्याचा हक्क आहे 😀 एक प्रश्न. जाताना आठ तास आणि येताना कमी, असं माझ्या तिकिटावर छापलं होतं. पृथ्वी फिरते म्हणून का?

तारवटी
पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमानही फिरतं. तो हिशेब नाही. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर या वाटेच्या बऱ्याचशा भागात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो. लिस्बनला जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. थंडीत त्याचा जोर जास्त.

आबोलीची_वेणी
माझं परतीचं पाहा. लिस्बन दुपारी २.१५, दुबई रात्री १२.४५, म्हणजे साडेसात तास. जाताना आठ होते. दुबईहून पहाटे ४ ला निघून मोपाला सकाळी ८.३०. एकूण पावणेचौदा तास. येताना झोप मात्र लागत नाही, रात्रच आखडून गेलेली असते.

आता फसलेल्या वारीची गोष्ट. पैसे वाचवायला मी दोन वेगळी तिकिटं काढली होती, गोवा-दुबई एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं. नावं लिहीत नाही, चूक माझीच होती. एकत्र तिकीट असलं की बॅग मोपाला सोपवली ती लिस्बनला दिसते. वेगवेगळी असली की बॅग दुबईला पट्ट्यावर येते. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि पलीकडे जायला दुबईचा व्हिसा लागतो. तो माझ्याकडे कुठला? मी अलीकडे, बॅग पलीकडे, मधे काच. त्या बॅगेत लेकीसाठी घेतलेली दोन किलो सोलां (कोकमं). एका भल्या कर्मचारी बाईने तासभर खटपट करून बॅग पुढच्या विमानाकडे वळवली, म्हणून निभावलं. विमानाचं दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना मी धावत पोचले, वय ५८.

तेव्हा एकच तिकीट, एकच नोंदणी क्रमांक. आणि मोपाला बॅगेवर चिकटवलेल्या पट्टीवर 'एलआयएस', म्हणजे लिस्बनचा कोड, लिहिलंय का, हे आई-बाबांना स्वतः वाचायला लाव.

वाळवंटीकाठ
वाचूनच घाम फुटला. एकच तिकीट, नक्की. मधे वेळ किती ठेवू? दोन तासवालं स्वस्त मिळतंय.

आबोलीची_वेणी
दोन तास तुला पुरतील, त्यांना नाही. तीन ते पाच. आणि दोघांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेव, निदान ४८ तास आधी तरी कळवावं लागतं. बाबा 'मी काय लंगडा आहे?' म्हणतील. माझे हे म्हणाले होते. दुबईत एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला आधी चालणं, मग आगगाडी, मग परत चालणं झालं, तेव्हा आपणच खुर्ची कुठे म्हणून विचारू लागले.

सिंधुदुर्गी
आखाताच्या वाटेची एक भीती असते तीही लिहून ठेवतो. २३ जून २०२५ ला कतारने अचानक आकाश बंद केलं. माझा मेव्हणा तेव्हा वाटेत होता, त्याला मस्कतला उतरवलं, लिस्बनला पोचेपर्यंत दोन दिवस गेले. बंदी काही तासांचीच होती, पण रांग सुटायला वेळ लागतो.

तारवटी
खरं आहे. मास्तरांचा दोरा ज्या मुलखांवरून जातो त्यातला अर्धा मुलूख अशांत. इराक, सीरिया टाळायचं झालं की विमानं खालून जातात, सौदी, लाल समुद्र, इजिप्त, मग भूमध्य समुद्र. थोडे किलोमीटर वाढतात.

उलट एका बाबतीत गोवेकर सुखी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना मोठा वळसा पडला. आपली वाट पाकिस्तानला शिवतच नाही, पूर्ण समुद्रावरून.

भूगोलमास्तर
पाकिस्तानचा विषय निघालाच म्हणून. एके काळी गोव्याचं विमान कराचीलाच जायचं. भारताने गोव्याची नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीची धावपट्टी बांधली आणि टीएआयपी नावाची विमान कंपनी काढली. गोवा, दमण, दीव आणि कराची. पुढे लिस्बनलाही त्यांची विमानं जात, टप्प्याटप्प्याने, पंख्यांची विमानं ती. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या रात्री उभी असलेली दोन पोर्तुगीज विमानं खड्डे चुकवत अंधारात उडाली आणि कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त.

वास्को द गामाला तर विचारूच नका. ८ जुलै १४९७ ला लिस्बन सोडलं, २० मे १४९८ ला कालिकत. ३१६ दिवस. तेही गोवा नव्हेच.

काणकोणकार
पण त्याला मोपाला जावं लागलं नाही.

आबोलीची_वेणी
😂😂 धागा भरकटतोय, पण खाण्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपात मांस आणि दुधाचं काही नेऊ देत नाहीत. म्हणजे चोरीस (गोव्याचे मांसाचे सॉसेज) नको, तूप नको, पेढे नकोत. सुके बांगडे चालतात, माणशी २० किलोपर्यंत! नारळही चालतो, पण सुकं खोबरं नाही, ते विमानवालेच अडवतात, पेट घेतं म्हणून.

वाळवंटीकाठ
आईने डिंकाचे लाडू ठरवलेत. तुपातले. आता हे तिला कोण सांगणार?

शेवटचा प्रश्न. बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळी ८ ला असते. कोणत्या ८ ला?

आबोलीची_वेणी
हे डॉक्टरांनाच विचार, औषधागणिक वेगळं असतं. आमच्या डॉक्टरांनी यांना सांगितलं होतं, प्रवासाच्या दिवशी गोव्याच्या घड्याळाने घ्या, तिथे पोचल्यावर हळूहळू सरकवा. म्हणून एका हातात जुनं घड्याळ गोव्याच्या वेळेचं, मोबाईलवर तिकडची वेळ. गोळ्या मात्र हातातल्या पिशवीत, बॅगेत नव्हे.

वाळवंटीकाठ
(अडीच महिन्यांनी)
मंडळी, पोचले! तिकीट एकच, मोपाहून, दुबईवरून, मधे साडेचार तास. दाबोळीचा हट्ट बाबांनी शेवटपर्यंत सोडला नाही, पण मोपाला आत गेल्यावर "हें बरें बांदलां" एवढं म्हणाले. बॅगेवरची पट्टी आईने तिथल्या मुलीसमोर मोठ्याने वाचली, एल, आय, एस. लाडवांच्या जागी नारळ गेले, सात. खुर्चीला बाबा आधी नाही म्हणाले आणि दुबईत बसले.

मास्तर, तुमच्यासाठी खास. बाबा खिडकीशी नव्हते, पण समोरच्या पडद्यावरचा नकाशा आठ तास बघत बसले. गोळ्यांच्या तक्त्यामागे गावांची नावं उतरवून घेतली, आत्ता भावाने फोटो पाठवला. रियाध, मदिना, कैरो, मग नुसतं 'समुद्र', माल्टा, लिस्बन. होर्मुझ नाही, नजफ नाही, सायप्रस नाही. शेवटी लिहिलंय, 'मास्तरांचो दोरो न्हय.' वेळ आठऐवजी ८ तास २० मिनिटं लागला.

तारवटी
खालची वाट धरली. म्हटलं होतं ना.

भूगोलमास्तर
वडिलांना नमस्कार. नातवाला पुन्हा बोलावलं, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक गावावर टाचणी टोचून दोरा फिरवला. २० सेंटिमीटर २ मिलिमीटर भरला. मागच्यापेक्षा ६ मिलिमीटर जास्त, म्हणजे अडीचशे किमी. तीच वीस मिनिटं.